केडगावच्या रमाबाई आणि त्यांच्या मदतनीस

दौंड तालुक्यातील केडगाव आपणा सर्वांच्या ओळखीचे. तेथील मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हत्या. पण सेवा करणाऱ्यांना कसे सांभाळावे, हे त्यांच्या चरित्रात पाहायला मिळते.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. आईवडील दुष्काळात गेले. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, 1882 मध्ये, पतीही वारले. पदरी लहानगी मनोरमा. पुढे त्या इंग्लंडला व तेथून अमेरिकेला गेल्या. 1887 मध्ये बॉस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी मंडळ स्थापन झाले व दहा वर्षे मदतीचे वचन मिळाले. त्या बळावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले व पुढच्या वर्षी ते पुण्यास आले.

1893 मध्ये मुलींना ख्रिस्ती केले जाते असा बोभाटा झाला. येथील सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. बॉस्टनच्या मंडळाने मात्र ऐकीव गोष्टींवरून हात झटकले नाहीत. पदाधिकारी ज्युडिथ अँड्र्यूज यांना पाठवून चौकशी केली आणि मदत चालूच ठेवली. आपल्याकडे सणाच्या जेवणात मीठ कमी पडले, की रात्रभर चुलीशी बसलेल्यालाच आधी बोल लागतो!

1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे 300 मुली आणल्या. आजारी, हाडांचे सापळे झालेल्या. त्यांना न्हाऊमाखू घालायचे कोणी? शारदा सदनातील मोठ्या मुली पुढे आल्या. रमाबाईंनी त्यांना नुसते राबवले नाही. शिकवले, नेमके काम दिले, जबाबदारी टाकली. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी मुली आल्या, तेव्हा तीन वर्षांपूर्वी वाचलेल्यांपैकी कितीतरी जणी शिक्षिका वा देखरेख करणाऱ्या झाल्या होत्या. दीड हजारांवर माणसांचा तो संसार पगारी नोकरांवर कसा चालला असता? छापखानाही बायकांनीच चालवला आणि रमाबाईंनी भाषांतर केलेले मराठी बायबल तेथेच छापले.

मनोरमाबाई आईचा उजवा हात. शाळा त्यांनी सांभाळली, अंध मुलींना ब्रेल शिकवले. घरच्या माणसाला विश्रांती घे म्हणायचे मात्र संस्थांना सुचत नाही. मनोरमाबाई 24 जुलै 1921 रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी वारल्या. रमाबाईंनी 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेवला. केडगावचे काम त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांनी पुढे नेले.