सेलिब्रिटी आज टीव्हीवर खुनी शोधतायत, पण महाराष्ट्राला हा नाद बाबूराव अर्नाळकरांनी लावला होता

२०२५ मध्ये करण जोहरचा 'द ट्रेटर्स' आला. जैसलमेरच्या राजवाड्यात २० सेलिब्रिटी, त्यातले काही गद्दार, रोज रात्री एकाचा खोटा खून आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांवर संशय. मूळ शो नेदरलँड्सचा. लोकांनी घरी बसून अंदाज बांधले, मित्रांशी पैजा लावल्या.

पण खुनी कोण, या प्रश्नावर रात्र जागवायला मराठी माणसाला टीव्ही लागला नव्हता. मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२ साली. त्याच्या कितीतरी आधी हा खेळ खिशात मावणाऱ्या पुस्तकांवर चालायचा आणि त्यातलं सगळ्यात मोठं नाव होतं बाबूराव अर्नाळकर.

खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६ चा. अर्नाळा हे वसईजवळचं किल्ल्याचं गाव, त्यावरून अर्नाळकर. पोटापाण्यासाठी त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसा लोकांची नजर सुधारायची आणि लिहायला बसलं की वाचकाच्या डोळ्यांत धूळ फेकायची, असा हा गडी.

त्यांनी काय केलं? इंग्रजी थरारकथांतले नायक उचलले आणि त्यांना पक्के मराठी करून टाकले. होम्स-वॉटसनच्या धाटणीवर धनंजय आणि छोटू आले. काळ्या वेषात वावरणारा काळापहाड आला. आणि सगळ्यात लाडका झुंजार, कायद्याच्या कडेकडेने चालणारा, सोबत तितकीच धीट बायको विजया. आता याला कुणी उसनवारी म्हणेल, आणि ते चूकही नाही. पण गोष्ट मुंबईत घडतेय, माणसं आपल्यासारखी बोलतायत, हे वाचकाला पटायचं. उसनं आणलेलं घरचं वाटायला लावणं हे सोपं काम नाही.

पुस्तक छोटं, किंमत कमी, वाक्यं सोपी. पहिल्या पानांतच काहीतरी भयंकर घडायचं आणि मग खाली ठेवता यायचं नाही. रेल्वे स्टेशनच्या बुक स्टॉलवर आणि भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्ऱ्यांमध्ये या कथांना मागणी असायची. शाळकरी पोरं अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचायची. कित्येकांना वाचनाची गोडीच मुळी तिथून लागली. नंतर गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांनी रहस्यकथा पुढे नेली, पण त्यांच्या वाचकांची वाट बाबूरावांनी आधीच मळून ठेवली होती.

आणि संख्या किती? हजाराहून जास्त रहस्यकथा. एका माणसाने! गिनीज बुकात नोंद झाली ती यामुळेच.

मात्र मराठी साहित्याच्या दरबारात त्यांना कुणी मानाचं पान वाढलं नाही. आपल्या खानदेशातलंच उदाहरण घ्या. १९५२ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन साने गुरुजींच्या अमळनेरला भरलं. अध्यक्ष होते कृ. पां. कुलकर्णी, मराठी शब्दांची मुळं शोधणारे, व्युत्पत्तिकोश करणारे मोठे विद्वान. त्यांच्या मोठेपणाबद्दल वादच नाही. पण त्या काळात संमेलनाचे अध्यक्ष असेच यायचे, कुणी विद्वान, कुणी कवी, कुणी गंभीर कादंबरीकार. रहस्यकथा लिहिणं म्हणजे वेळ घालवायचं साहित्य, समीक्षकांनी त्यावर शाई कशाला वाया घालवायची, अशीच समजूत होती. बाबूराव संमेलनाचे अध्यक्ष कधीच झाले नाहीत.

यात थोडी चूक त्यांच्या वेगाचीही होती. एवढ्या प्रमाणात लिहिल्यावर सगळंच उत्तम कसं निघणार? साचा दिसायचा, प्रसंग परत यायचे. तरी ज्यांनी शेकडो हजारो लोकांच्या हातात पुस्तक दिलं त्यांचा हिशोब फक्त कच्च्या बाजूने मांडायचा, हे काही पटत नाही.

१९९६ साली बाबूराव गेले. तोवर घराघरांत केबल आली होती, भाड्याच्या लायब्ऱ्या बंद पडत होत्या आणि जुनी पुस्तकं रद्दीत जाऊ लागली होती. पुढे सतीश भावे यांनी त्यांतल्या कथा वेचून काढल्या आणि 'निवडक बाबूराव अर्नाळकर' या नावाने त्या पुन्हा छापल्या गेल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत ७२ वर्षांनी संमेलन परत अमळनेरला आलं, तेव्हा झुंजार आणि काळापहाड पुन्हा विकत मिळू लागले होते.