आर्लो बर्डेट स्टाउट

आर्लो बर्डेट स्टाउट (१० मार्च, १८७६ : जॅक्सन सेंटर, ओहायो, अमेरिका - १२ ऑक्टोबर, १९५७) हे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. आजच्या संकरित डेलिलीचे जनक म्हणून ते ओळखले जातात. डेलिलीचे शास्त्रीय नाव हेमेरोकॅलिस. दिवस आणि सौंदर्य या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ते बनले आहे, कारण हिचे प्रत्येक फूल एकच दिवस टिकते. नावात लिली असली तरी ही खरी लिली नव्हे.

पूर्वायुष्य

स्टाउट यांचे बालपण विस्कॉन्सिन राज्यातील ॲल्बियन या गावी गेले. घराच्या बागेत आईने लावलेली नारिंगी डेलिली दरवर्षी भरभरून फुले. मात्र तिला कधीच बी धरत नसे. याचे कारण काय, हा प्रश्न त्या मुलाच्या मनात राहिला. पुढे त्यांनी काही काळ शाळेत शिक्षक म्हणून काम केले. त्याच सुमारास कॉशकोनाँग सरोवराच्या परिसरातील आदिवासींच्या प्राचीन मृत्तिका-टेकाडांचाही त्यांनी अभ्यास केला. १९११ मध्ये ते न्यू यॉर्क वनस्पती उद्यानात रुजू झाले आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहिले. १९१३ मध्ये त्यांना कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली.

वांझ फुलाचे कोडे

काही झाडांची फुले निर्दोष असूनही स्वतःच्या परागाने फळत नाहीत. हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय होता आणि बालपणीचे कोडे त्यातच सुटले. नारिंगी डेलिली युरोपात सोळाव्या शतकापासून लावली जात होती व तेथून अमेरिकेत आली. तिचा प्रसार केवळ गड्डे फोडून झाला होता. त्यामुळे दोन खंडांतील लक्षावधी झाडे वस्तुतः एकाच झाडाचे तुकडे होती. शेजारच्या बागेतून आलेला परागही तिला परका नव्हता. शिवाय तिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच आहेत. तीनांची समान वाटणी होत नाही, म्हणून बीज सहसा तयारच होत नाही. त्रिगुणिततेविषयीचा हा निष्कर्ष त्यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केला. हजारो फुलांवर हाताने पराग ठेवून त्यांना मोजकीच बीजे मिळाली.

सुवासिक पिवळ्या जाती

नारिंगी फुलाला गंध नाही. गंध आहे तो पिवळ्या जातींना, आणि त्यांना बीही सहज धरते. युरोपीय बागांतील जुनी लिंबासारखी पिवळी डेलिली वसंताच्या अखेरीस, इतर बहुतेक डेलिलींच्या आधी फुलते. चीनमधील हेमेरोकॅलिस सिट्रिना सायंकाळी उमलते, रात्रभर दरवळते आणि दुसऱ्या दिवशी मिटते. तिच्या सुकवलेल्या कळ्या चिनी स्वयंपाकात वापरतात. त्यांवरही स्टाउट यांनी १९३३ मध्ये लेख लिहिला. नानजिंग येथे अध्यापन करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट स्टुअर्ड त्यांना तिकडून झाडे व बिया पाठवीत. त्या सामग्रीतून स्टाउट यांनी काही नव्या जातींचे वर्णन केले. त्यांपैकी पुरुषभर उंचीची, फिकट पिवळी, रात्री उमलणारी, सुवासिक हेमेरोकॅलिस आल्टिसिमा (१९४२) विशेष उल्लेखनीय आहे.

संकराचे काम चिकाटीचे होते. फूल एका दिवसाचे, म्हणून पराग त्याच दिवशी कुक्षीवर ठेवावा लागे. बियांपासून आलेले रोप फुलण्यास साधारणतः दोन-तीन वर्षे लागत, आणि ते आईबापांसारखेच निघेल याची खात्री नसे. हजारो रोपांतून निवड करून उरलेली टाकून द्यावी लागत. निवडलेले वाण मात्र गड्डे विभागूनच वाढवावे लागे, कारण त्याचे गुण बियांत जसेच्या तसे उतरत नाहीत. चांगले ऊन, पाण्याचा निचरा होणारी जमीन आणि दाटी झाल्यावर गड्ड्यांची विभागणी एवढ्यावर हे झाड वर्षानुवर्षे टिकते. जे विभाजन नारिंगी डेलिलीच्या वांझपणाच्या मुळाशी होते, त्यावरच स्टाउट यांच्या वाणांचेही जतन अवलंबून होते!

अनेक पिढ्यांच्या संकरातून १९३४ मध्ये त्यांचे 'थेरॉन' हे गडद तांबडे वाण पुढे आले. डेलिलीतील पहिले लाल वाण म्हणून ते गणले जाते. त्याच वर्षी त्यांचा 'डेलिलीज' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांची बरीच वाणे पेनसिल्व्हेनियातील फार नर्सरीने बाजारात आणली. पुढील काळात संकरकारांचे लक्ष रंग व आकाराकडेच अधिक गेले आणि सुवास मागे पडला, हे मान्य करावे लागते.

इतर कार्य व सन्मान

ॲव्होकाडोचे फूल दोनदा उमलते, प्रथम स्त्री-अवस्थेत व नंतर नर-अवस्थेत, ही बाब त्यांनी कॅलिफोर्नियातील बागांत तपशीलवार अभ्यासली. बिनबियांच्या द्राक्षांच्या व पॉप्लर वृक्षांच्या संकरातही त्यांचा वाटा आहे.

त्यांच्या हयातीतच अमेरिकेतील डेलिलीप्रेमींच्या संस्थेने स्टाउट रौप्यपदक सुरू केले. १९५० चे पहिले पदक हान्स सास यांच्या 'हेस्पेरस' या पिवळ्या वाणाला मिळाले. आल्टिसिमाच्या वंशातील 'ऑटम मिनरेट' हे स्टाउट यांचे स्वतःचे उंच, पिवळे, मंद सुवासाचे वाण १९५१ मध्ये नोंदवले गेले.