बख्त बुलंद शाह

राजा बख्त बुलंद शाह (मृत्यू: इ.स. १७०९ च्या सुमारास) हे देवगडच्या गोंड राजघराण्यातील राजे व नागपूर शहराचे संस्थापक होते. शेतकरी, कारागीर व व्यापारी यांना आपल्या राज्यात वसवून त्यांनी वनप्रधान प्रदेशाला शेती आणि उद्योगांची जोड दिली.

== पार्श्वभूमी ==
देवगड हा किल्ला सध्याच्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात आहे. गढा-मंडला, खेर्ला व चांदा यांच्याप्रमाणेच देवगड हेही गोंडांचे प्रमुख राज्य होते. अकबराच्या काळात तेथे जाटबा हा राजा होता. पुढे हे राज्य मोगलांचे मांडलिक बनले. खंडणी थकली की मोगल फौज येई आणि वारसाहक्काच्या तंट्यातही बादशहाचा कौल निर्णायक ठरे.

अशाच एका तंट्यात बख्त बुलंद यांनी औरंगजेबाचा आश्रय घेतला. त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि बादशहाने त्यांना 'बख्त बुलंद', म्हणजे थोर भाग्याचा, हे नाव देऊन राजा म्हणून मान्यता दिली. धर्मांतरानंतरही राजघराण्याचे विवाहसंबंध गोंड कुळांशीच राहिले व प्रजेच्या रूढींत त्यांनी ढवळाढवळ केली नाही.

== लोकांचे व्यवसाय ==
सातपुड्यातील गोंडांचे जीवन जंगल आणि डोंगरउताराच्या शेतीवर अवलंबून होते. जंगलाचा तुकडा तोडून, जाळून त्या राखेत कोदो-कुटकीसारखे धान्य पेरण्याच्या पद्धतीला बेवर म्हणत. मोहफुले, चारोळी, मध व लाख गोळा करणे, शिकार आणि मासेमारी ही इतर कामे होती. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. बाना हे तंतुवाद्य वाजवून ते कुळांच्या कथा जतन करीत.

सातपुड्याच्या दक्षिणेकडील काळी जमीन मात्र नांगरटीच्या शेतीला योग्य होती. ती कसण्यासाठी बख्त बुलंद यांनी बाहेरील कष्टाळू लोकांना बोलावले. कारभारात हिंदू व मुसलमान असा भेद न करता कर्तबगार माणसे नेमली. त्यामुळे अनेक नवी गावे वसली आणि शेतीबरोबरच हस्तोद्योग व व्यापारही वाढला. नागपूरचे ब्रिटिश रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांनी १८२७ च्या अहवालात, मराठ्यांच्या राज्यकारभाराचे बरेचसे यश या राजाने घातलेल्या पायावर उभे असल्याचा निष्कर्ष काढला.

== नागपूरची स्थापना ==
नाग नदीच्या परिसरात 'राजापूर बारसा' नावाने ओळखली जाणारी बारा खेडी होती. ती रस्त्यांनी जोडून बख्त बुलंद यांनी १७०२ मध्ये नागपूर वसवले. सीताबर्डी, सक्करदरा, लेंड्रा, फुटाळा, हिवरी, भानखेडा ही त्यांतील काही नावे शहरात आजही प्रचलित आहेत.

== राज्यविस्तार व मोगलांशी संघर्ष ==
मंडल्याचा राजा नरेंद्र शाह याला बंडाच्या वेळी मदत केल्याबद्दल बख्त बुलंद यांना शिवनीकडील प्रदेश मिळाला. औरंगजेब दख्खनच्या युद्धात गुंतलेला असताना त्यांनी मोगल सत्तेविरुद्ध उठाव केला व मराठ्यांशी संधान बांधले. संतापलेल्या बादशहाने त्यांचा उल्लेख 'निगून बख्त', म्हणजे दुर्दैवी, असा करण्याचा आदेश दिला. नाव देणाऱ्यानेच ते फिरवले, तरी लोकांत आणि इतिहासात मूळ नावच टिकले.

== वारसा ==
त्यांचे उत्तराधिकारी चांद सुलतान यांनी राजधानी देवगडहून नागपूरला आणली, शहराला तटबंदी केली आणि जुम्मा तलाव बांधला. हाच तलाव पुढे शुक्रवारी तलाव व नंतर गांधीसागर म्हणून ओळखला जाऊ लागला. चांद सुलतान यांच्या निधनानंतर वारसाहक्काचा वाद उद्भवला. राणी रतनकुंवर यांनी रघूजी भोसले यांची मदत मागितली आणि काही वर्षांतच सत्ता भोसल्यांकडे गेली. गोंड राजे नामधारी उरले.

त्यानंतर नागपूरची ओळख मुख्यतः भोसल्यांची राजधानी अशी झाली. तरीही शहराचे नाव, जुन्या वस्त्या आणि महाल भागातील गोंड राजांचा किल्ला आधीच्या राजवटीची साक्ष देतात. विधानभवनाजवळ बख्त बुलंद शाह यांचा पुतळा आहे.