चार्ल्स वॉलकॉट आणि बर्जेस शेल

कोळी, विंचू, खेकडा, गोम, झुरळ हे सारे संधिपाद, म्हणजे सांधेयुक्त पायांचे प्राणी. त्यांच्या आदिम नातलगांचा मोठा खजिना जगापुढे आणणारे चार्ल्स डूलिटल वॉलकॉट महाविद्यालयाची पायरी कधी चढले नव्हते.

३१ मार्च १८५० रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात जन्मलेल्या वॉलकॉट यांचे शालेय शिक्षणही अर्धवट राहिले. ट्रेंटन फॉल्स येथे शेतावर काम करताना ते खडकांतून ट्रायलोबाइट या लुप्त प्राण्याचे जीवाश्म गोळा करत. १८७३ मध्ये हा संग्रह हार्वर्डच्या लुई अगासी यांनी विकत घेतला. ट्रायलोबाइटचे पाठीवरचे कठीण कवच सहज टिकते, पोटाखालचे नाजूक अवयव मात्र नष्ट होतात. त्यामुळे त्याला पाय होते का, हा वादाचा विषय होता. वॉलकॉट यांनी जीवाश्मांचे अतिशय पातळ काप करून त्यांतील सांधेयुक्त पाय दाखवून दिले. ट्रायलोबाइट हे संधिपादच, या मताला त्यामुळे भक्कम आधार मिळाला.

१८७९ मध्ये ते अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत रुजू झाले, १८९४ मध्ये तिचे संचालक झाले आणि १९०७ पासून स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख. १९०९ च्या ऑगस्टअखेर कॅनडाच्या रॉकी पर्वतात त्यांना बर्जेस शेलचे जीवाश्म सापडले. सुमारे ५१ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाच्या बारीक चिखलात हे प्राणी झपाट्याने गाडले गेले होते. त्यामुळे पाय, कल्ले, स्पर्शिका आणि काहींची आतडीसुद्धा ठशांच्या रूपात टिकली. पुढील वर्षांत पत्नी आणि दोन मुलगे गमावूनही त्यांनी उत्खनन सुरू ठेवले आणि ६५ हजारांहून अधिक नमुने जमवले.

प्रशासकीय व्यापामुळे सखोल अभ्यासाला मात्र त्यांना सवड मिळाली नाही. बहुतेक प्राणी त्यांनी परिचित गटांतच बसवले. आयशेआ या मऊ पायांच्या प्राण्याला त्यांनी वलयांकित कृमी मानले, तर एका मोठ्या शिकारी प्राण्याच्या गोल तोंडाला जेलीफिश. ९ फेब्रुवारी १९२७ रोजी त्यांचे निधन झाले.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हॅरी व्हिटिंग्टन आणि सहकाऱ्यांनी बर्जेस शेलचा नव्याने अभ्यास सुरू केला. तो ‘जेलीफिश’ म्हणजे अॅनोमॅलोकॅरिसच्या कुळातील शिकाऱ्याचे तोंड होते, हे १९८५ मध्ये स्पष्ट झाले. आज हे कुळ संधिपादांच्या वंशवृक्षात बुंध्याजवळ, आजच्या गटांच्या फांद्या फुटण्याआधी ठेवले जाते. आयशेआची जागा त्याहून खाली, मऊ पायांच्या प्राण्यांत आहे. मऊ पायांपासून सांध्यांच्या पायांपर्यंतचा प्रवास अशा जीवाश्मांतून उलगडतो. वॉलकॉट यांचे अनेक निष्कर्ष बदलले. पण ते तपासता आले, ते त्यांनीच जपून ठेवलेल्या नमुन्यांमुळे.