ज्ञातिभूषण कै. डॉ. रखमाबाई

आपल्या सुतार ज्ञातीत जन्मलेल्या कै. डॉ. रखमाबाई यांचे नाव हिंदुस्थानातील आद्य स्त्री-डॉक्टरांत आदराने घेतले जाते. परंतु वैद्यकीच्या अभ्यासाआधी त्यांना न्यायमंदिराची पायरी चढावी लागली, आणि तीही वादी म्हणून नव्हे, तर प्रतिवादी म्हणून. ती हकीकत ज्ञातीतील तरुण पिढीस ठाऊक असावी, एवढ्याच हेतूने हे अल्पचरित्र सादर करीत आहे.

रखमाबाईंचा जन्म दि. २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस झाला. वडील जनार्दन पांडुरंग हे त्या अगदी लहान असतानाच निवर्तले. ज्ञातीत विधवाविवाहास मज्जाव नसल्यामुळे मातुःश्री जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. डॉक्टरसाहेब ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते. या सावत्र पित्याने मुलीस पोटच्या कन्येप्रमाणे वाढविले व तिची वाचनाची आवड जोपासली.

रूढीस अनुसरून अकराव्या वर्षी रखमाबाईंचा विवाह नात्यातील दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. वराचे वय एकोणीस. जावयाने सासरच्या आश्रयाने राहून विद्या संपादन करावी, असे ठरले होते. परंतु दादाजींनी शिक्षण सोडले व ते आपल्या मामाच्या घरी राहावयास गेले. त्या मामाने घरात रखेली ठेविली होती, आणि त्याच्या पत्नीने जीव देण्याचा प्रयत्न केला होता. अशा घरी मुलीस धाडावे कसे? शिवाय अल्पवयीन मुलीवर शरीरसंबंध लादणे डॉक्टर या नात्याने सखाराम अर्जुनांस मान्य नव्हते. रखमाबाई माहेरीच राहिल्या.

इ. स. १८८४ मध्ये दादाजींनी पत्नीचा ताबा मिळावा म्हणून मुंबई हायकोर्टात दावा दाखल केला. नवऱ्यापाशी निर्वाहाचे साधन नाही, त्याची प्रकृती ठीक नाही आणि तो ज्याच्या आश्रयास आहे त्याचे वर्तन चांगले नाही, अशी रखमाबाईंची कैफियत होती. दावा चालू असतानाच १८८५ च्या एप्रिलात डॉ. सखाराम अर्जुन वारले. पाठीवरचा हात गेला, तरी मुलगी डगमगली नाही.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. जी स्त्री पतीबरोबर कधी नांदलीच नाही, तिला बळाने त्याच्या हवाली करणे त्यांना रानटीपणाचे वाटले. परंतु अपिलात हा निकाल फिरला, आणि दि. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी एक महिन्याच्या आत नांदावयास जाण्याचा हुकूम दिला. न गेल्यास सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास! रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली.

साऱ्या देशात खळबळ उडाली. लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'ने रखमाबाईंवर कठोर टीका केली. बेहरामजी मलबारी प्रभृतींनी त्यांची बाजू उचलून धरली. काशिनाथ त्रिंबक तेलंगांसारखे विद्वान त्यांच्या वकिलांत होते. बालविवाहामुळे स्त्रियांची होणारी दुर्दशा त्यांनी स्वतः टोपणनावाने 'टाइम्स ऑफ इंडिया'त पत्रे लिहून मांडली होती. अखेरीस जुलै १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन आपला हक्क सोडला आणि प्रकरण मिटले.

पुढील जीवन सेवेचे आहे. कामा इस्पितळातील डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने त्या १८८९ मध्ये विलायतेस गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या, आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे स्त्रीरुग्णांची शुश्रूषा केली. दि. २५ सप्टेंबर १९५५ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

या चरित्रापासून काय बोध घ्यावा? या खटल्यात मारहाणीचा आरोप नव्हता. तरीही एका माणसाच्या देहावर व आयुष्यावर दुसऱ्याने हक्क सांगणे हाच मुळात जुलूम आहे, हे रखमाबाईंनी ओळखले. हात उगारणे ही त्या जुलमाची शेवटची पायरी होय. पहिली पायरी म्हणजे स्त्रीच्या इच्छेस किंमतच न देणे. कायद्याला हे कळावयास फार काळ लागला. नांदावयास न जाणाऱ्या पत्नीस तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ मध्ये रद्द झाली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तर मारहाणीबरोबरच मानसिक, लैंगिक व आर्थिक छळ हाही हिंसाचारच मानला, आणि पीडितेस राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. स्त्रियांस सरकारी विधिसेवेमार्फत वकीलही विनामूल्य मिळतो.

परंतु कायद्याच्या दारापर्यंत पोहोचावयास सोबत लागते. रखमाबाईंस आई-वडिलांची सोबत होती. आपल्या ज्ञातीतील एखादी लेक रडत माहेरी आली, तर घरची गोष्ट घरातच राहू दे, असे सांगून तिला परत धाडणारे आपण, की डॉ. सखाराम अर्जुनांप्रमाणे तिच्या पाठीशी उभे राहणारे? ज्ञातिभूषण म्हणून रखमाबाईंची तसबीर सभागृहात लावण्याचा अधिकार आपणांस या प्रश्नाच्या उत्तरानेच मिळणार आहे.