नगरच्या किल्ल्यातले छत्रपती

मानसशास्त्राच्या तासाला हिंसक मनोरुग्णांचा विषय निघाला, की मला कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज आठवतात. राजाराम महाराज १८७० मध्ये फ्लॉरेन्सला वारले आणि पुढच्याच वर्षी हा आठ वर्षांचा मुलगा गादीवर दत्तक आला. ऐन उमेदीत त्यांचे मन बिघडले. कारभारी माधवराव बर्वे त्यांचा छळ करतात, अशा मजकुरावरून टिळक-आगरकरांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. (छापलेली पत्रे बनावट ठरली होती, हेही सांगितले पाहिजे.)

पुढे महाराजांना नगरच्या किल्ल्यात ठेवले. दिमतीला ग्रीन नावाचा गोरा सोल्जर. २५ डिसेंबर १८८३ रोजी त्याच्याशी झालेल्या झटापटीत वीस वर्षांचे महाराज गेले. वेडाच्या भरात ते अंगावर आले असतीलही. पण त्याआधी काय घडले, हे त्यांच्या बाजूने सांगायला कोणी उरले नाही. सोलापूरहून एस.टी.ने आम्ही तो किल्ला पाहायला गेलो, तर जो तो नेहरूंच्या खोलीकडेच धावत होता!

माझे मामा एका मनोरुग्णालयात होते. भेटीला गेलो तेव्हा त्यांचे हात खाटेला बांधलेले. पेशंट मारकुटा आहे, असे वॉर्डबॉयने सांगितले. २०१७ च्या कायद्याप्रमाणे धोका टळेपर्यंतच बांधता येते. मामा तर शांत पडून होते. आईने खोदून खोदून विचारले तेव्हा कळले, आदल्या रात्री कोणीतरी त्यांचा चष्मा काढून घेतला होता. चष्म्यावाचून मामांना हातभर अंतरावरचा माणूस ओळखू येत नाही.