स्वयंसेवक घडविणारे डॉक्टर : डॉ. ना. सु. हर्डीकर

समाजसेवा या विषयावर निबंध लिहिला नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात सापडणे कठीण. एस.एस.एल.सी.पर्यंत मीही तो चार-पाच वेळा लिहिला आहे. सेवा करावी, हे आपल्या सर्वांना मान्यच आहे. पण सेवा शिकावी लागते, हे मात्र आपल्याला कोणी सांगत नाही. गाणे शिकावे लागते, जमाखर्च शिकावा लागतो, सायकलसुद्धा शिकावी लागते. मग सेवाच तेवढी उपजत कशी येईल? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी आपल्याच भागातील एका डॉक्टरांना पडला आणि त्याचे उत्तर देण्यात त्यांनी आपले आयुष्य वेचले. ते डॉक्टर म्हणजे नारायण सुब्बराव हर्डीकर.

डॉ. हर्डीकरांचा जन्म ७ मे १८८९ रोजी धारवाडला झाला. आडनाव ऐकले की आपल्याला ते मराठी वाटते, नाव लिहिण्याची पद्धत पाहिली की कन्नड वाटते. धारवाड, हुबळी, बेळगाव या पट्ट्यातील माणसाला यात नवल वाटू नये. पुणे आणि कलकत्ता येथे त्यांचे शिक्षण झाले. कलकत्त्यास वैद्यकीचा अभ्यास करून ते १९१३ च्या सुमारास अमेरिकेस गेले आणि १९१६ साली मिशिगन विद्यापीठातून त्यांनी सार्वजनिक आरोग्य या विषयातील उच्च पदवी संपादन केली. आजारी माणसाला औषध देणे हा वैद्यकाचा एक भाग झाला. गावाचे पाणी, गावाचे गटार, गावाची स्वच्छता यांचा विचार करून माणूस आजारीच पडू नये अशी व्यवस्था करणे हा दुसरा भाग. हर्डीकरांनी अभ्यासासाठी हा दुसरा भाग निवडला, ही गोष्ट त्यांच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने मला फार महत्त्वाची वाटते.

अमेरिकेत त्यांची गाठ लाला लजपतराय यांच्याशी पडली. लालाजींनी १९१७ साली न्यूयॉर्क येथे इंडिया होमरूल लीग ऑफ अमेरिका ही संस्था काढली, तिच्या चिटणीसपदाचे काम हर्डीकरांनी केले. पत्रे लिहिणे, वर्गणी गोळा करणे, सभा भरविणे, मासिकाची व्यवस्था पाहणे अशी चिटणीसाची कामे असतात. व्यासपीठावर भाषण एकाचे होते. पण खुर्च्या कोणी मांडल्या, हिशेब कोणी ठेवला, हे कोणी विचारीत नाही. न विचारले जाणारे काम मनापासून करण्याची सवय त्यांना तेथेच लागली असावी, असे मला वाटते.

१९२१ साली ते मायदेशी परतले. वय बत्तीस, हाती परदेशातील पदवी. मुंबईस किंवा पुण्यास दवाखाना थाटून सुखाने राहणे त्यांना अशक्य नव्हते. ते हुबळीस आले आणि असहकाराच्या चळवळीत पडले. तरुणांना गोळा करून त्यांनी हुबळी सेवा मंडळ उभे केले. त्या काळी उत्साहाला तोटा नव्हता. सभा म्हटली की मैदान भरत असे. परंतु जमाव आणि संघटना यांत फरक आहे. जमाव घोषणा देतो, पाऊस आला की पांगतो. हर्डीकरांना न पांगणारी माणसे हवी होती.

त्यांच्या मंडळाची परीक्षा लवकरच झाली. १९२३ साली नागपूर येथे झेंडा सत्याग्रह सुरू झाला. राष्ट्रध्वज घेऊन बंदी असलेल्या रस्त्याने जायचे आणि अटक करून घ्यायची, असे त्याचे स्वरूप होते. देशाच्या निरनिराळ्या भागांतून स्वयंसेवकांच्या तुकड्या येत आणि तुरुंगात जात. तुरुंगाचा जाच मात्र अनेकांना सोसला नाही. कितीतरी जणांनी माफी लिहून दिली व ते सुटले. हुबळी सेवा मंडळाच्या स्वयंसेवकांनी माफी मागितली नाही. हे स्वयंसेवक इतरांपेक्षा शूर घरात जन्मले होते असे नाही. तेही तुमच्या-माझ्यासारखे या भागातील साधे तरुण होते. फरक एवढाच की येण्यापूर्वी त्यांची तयारी झालेली होती आणि आपण एकटे नाही याची त्यांना खात्री होती.

ही गोष्ट देशातील पुढाऱ्यांच्या नजरेत भरली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काकिनाडा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेथे हर्डीकरांच्या पुढाकाराने शिस्तबद्ध स्वयंसेवकांची अखिल भारतीय संघटना स्थापण्याचे ठरले आणि हिंदुस्थानी सेवा दल जन्मास आले. पंडित जवाहरलाल नेहरू तिचे पहिले अध्यक्ष झाले. (राष्ट्र सेवा दल या नावाने आपल्याला जी संघटना ठाऊक आहे, ती निराळी.) सर्वांनीच या कल्पनेचे स्वागत केले असे मात्र नाही. कवायत, गणवेश, हुकूम हे सारे अहिंसेच्या चळवळीत कशाला, अशी शंका काहींना आली. यातून लष्करी वळण लागेल अशी भीतीही होती. हर्डीकरांनी ही टीका सोसली आणि काम चालू ठेवले. बागलकोट येथे स्वयंसेवकांच्या शिक्षणाची सोय झाली. स्वयंसेवक याच अर्थाच्या इंग्रजी नावाचे एक नियतकालिक त्यांनी चालविले. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी झेंडावंदन करण्याची प्रथा सेवा दलाने सुरू केली. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, पाऊस असो वा ऊन, हजर राहायचे. ही लहानशी सवयच माणसाला घडविते.

यानंतर वर्षभरात सेवा दलासमोर मोठे काम आले आणि ते आपल्या बेळगावात आले. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी टिळकवाडीच्या माळावर काँग्रेसचे एकोणचाळिसावे अधिवेशन भरले. महात्मा गांधी अध्यक्ष असलेले हे एकमेव अधिवेशन. स्वागताध्यक्ष गंगाधरराव देशपांडे होते. माळावर विजयनगर नावाचे तात्पुरते गावच वसविण्यात आले. हजारो माणसे राहणार, जेवणार, पाणी पिणार. पाण्यासाठी विहीर खोदली, तिला ४,३७० रुपये ३ आणे खर्च आला. काँग्रेस विहीर म्हणून ती आजही उभी आहे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या नात्याने मला त्या तीन आण्यांचे विशेष वाटते. लोकांचा पैसा हाती असताना आण्यापर्यंत हिशेब ठेवणे, हीदेखील सेवाच आहे.

एवढ्या गर्दीची व्यवस्था पाहण्याचा भार हर्डीकरांच्या स्वयंसेवकांवर होता. पाहुण्यांना वाट दाखविणे, पाण्याची सोय पाहणे, गर्दी आवरणे ही कामे तर होतीच; पण मैला-सफाईचे कामही स्वयंसेवकांनी केले आणि त्यांत उच्चवर्णीय घरांतील तरुणही होते. १९२४ साली ही गोष्ट सोपी नव्हती. अशा कामाला हात लावला म्हणून घरी आणि वाड्यात काय काय ऐकून घ्यावे लागले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. गावाचे आरोग्य हा ज्यांच्या अभ्यासाचा विषय होता, त्या डॉक्टरांच्या दृष्टीने संडास साफ ठेवणे हे हलके काम नव्हतेच.

आणखी एक गोष्ट आपल्या महाविद्यालयातील मैत्रिणींसाठी मुद्दाम सांगतो. या अधिवेशनासाठी दीडशेहून अधिक स्त्रिया स्वयंसेविका म्हणून पुढे आल्या. त्यांना तयार करण्याचे काम उमाबाई कुंदापूर यांनी केले. उमाबाईंना ऐन तारुण्यात वैधव्य आले होते. विधवेने घराबाहेर पडणे ज्या काळी अशुभ मानले जाई, त्या काळी त्या हर्डीकरांसह गावोगाव फिरल्या. या स्वयंसेविकांत कित्येक विधवाही होत्या. हुबळीतील टिळक कन्या शाळेची जबाबदारीही उमाबाईंनी सांभाळली. हर्डीकरांनी त्यांच्यावर कामाची खरी जबाबदारी टाकली, नुसते हारतुरे देऊन बसविले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आपल्या कार्यक्रमांत मुलींच्या वाट्याला आरतीचे तबक आणि रांगोळीच का येते, याचा विचार आपणही करावा.

पुढे १९३१ साली सेवा दल काँग्रेसमध्ये विलीन झाले व त्याचे स्वतंत्र अस्तित्व संपले. १९३२ साली सरकारने त्यावर बंदी घातली. स्वातंत्र्यानंतर १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे हर्डीकर राज्यसभेचे सदस्य होते. १९५८ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. गोकाक तालुक्यात घटप्रभा येथे असलेल्या कर्नाटक आरोग्यधामाशीही त्यांचा निकटचा संबंध होता. म्हणजे आरोग्याचा जो विषय घेऊन ते अमेरिकेतून आले, तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. २६ ऑगस्ट १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची संघटना आज एका राजकीय पक्षाची शाखा आहे. त्या पक्षाबद्दल ज्याचे त्याचे मत असेल. मला येथे पक्षाविषयी काही म्हणावयाचे नाही. मला त्यांची रीत महत्त्वाची वाटते.

ही रीत आज कशाला हवी, असे कोणी विचारील. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा या नद्यांना महापूर आला, तेव्हा मी हायस्कुलात होतो. आमच्या गावाजवळच्या एका शाळेत पूरग्रस्तांना ठेवले होते. मदतीचा नुसता लोंढा लोटला. पहिल्या दोन दिवसांत जुन्या कपड्यांचा ढीग खिडकीपर्यंत गेला, पाव शिळे होऊन टाकावे लागले. आणि लहान मुलांना दूध व म्हाताऱ्यांना नेहमीच्या गोळ्या मात्र मिळत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी एक निवृत्त हवालदार काका आले. त्यांनी आम्हा पोरांना रांगेत उभे केले, एकाच्या हाती वही दिली, प्रत्येक कुटुंबाजवळ जाऊन काय हवे, काय नको ते लिहून घ्यायला लावले. संध्याकाळपर्यंत त्या शाळेचे रूप पालटले. काकांनी पदरचे काहीच आणले नव्हते, फक्त व्यवस्था आणली होती. पुढे डॉ. हर्डीकरांचे चरित्र वाचू लागलो, तेव्हा ती वही मला पुनःपुन्हा आठवली. आणि पाचव्या दिवसानंतर मदतीला येणारे निम्म्याने कमी झाले, हेही आठवले. नव्याचे नऊ दिवससुद्धा भरले नाहीत!

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. त्यात वर्षाला १२० तास काम अपेक्षित असते. आपल्यापैकी पुष्कळजण तिचे सदस्य आहेत. तास भरतात, प्रमाणपत्रही मिळते. वर्षातून सात दिवसांच्या शिबिरात आपण एखाद्या खेड्यातील रस्ता झाडतो, छायाचित्र काढतो आणि परत येतो. आठव्या दिवशी तो रस्ता कोण झाडतो? शिबिर वाईट आहे असे मी म्हणत नाही. शिबिर हा आरंभ आहे, आपण त्यालाच शेवट समजतो.

मग करावे काय? दूर जाण्याची गरज नाही. आपल्या भागात एक अडचण रोज दिसते. खेड्यातून आलेली आजी सरकारी दवाखान्यात किंवा बँकेत हातात कागद धरून उभी असते. कागद कन्नडमध्ये असतो आणि तिला मराठी येते. क्वचित याच्या उलटही असते. ती दोन तास कोणाच्या तरी तोंडाकडे पाहत उभी राहते आणि कधी कधी काम न होताच शेवटच्या बसने परत जाते. भाषेच्या प्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे, पुढेही बोलले जाईल. तो मोठ्यांचा वाद मिटेपर्यंत आजीने उभेच राहायचे काय? आपल्यातील अनेकांना दोन्ही भाषा येतात. मराठी विभागातील तीन आणि कन्नड विभागातील तीन अशा सहाजणांनी आठवड्यातून दोन तास, ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी, परवानगी घेऊन बसावे आणि लोकांचे अर्ज वाचून दाखवावेत, भरून द्यावेत. वाणिज्य शाखेच्या मुलामुलींनी बचत गटातील बायकांना रोजकीर्द लिहायला शिकवावे. यास निधी लागत नाही, मंडप लागत नाही, पाहुणे लागत नाहीत. एक हजेरीपट लागतो आणि तो खरा ठेवण्याची दानत लागते.

प्राध्यापक महोदयांनाही एक नम्र विनंती आहे. आम्हाला सेवेवर भाषण देण्याऐवजी सेवा शिकवा. प्रथमोपचार शिकवा, अर्ज भरायला शिकवा, वृद्ध माणसाशी कसे बोलावे ते शिकवा. चुकलो तर कान धरा. स्वयंसेवक तयार करावे लागतात, हे डॉ. हर्डीकरांनी ओळखले होते.

येत्या सत्राच्या पहिल्या सोमवारी, शेवटच्या तासानंतर, वाचनालयाच्या व्हरांड्यात मी एक कोरी वही घेऊन बसणार आहे. कन्नड विभागातील माझा एक मित्रही असेल. ज्यांना आठवड्यातील दोन तास देणे जमेल त्यांनी नाव, वर्ग आणि सोयीचा वार लिहावा. नाव लिहिण्यापूर्वी मात्र विचार करावा, कारण लिहिलेल्या वारी यावे लागेल.